वहीत नसलेली गोष्ट

मी याद्या करते. बाजाराची यादी, दवाखान्याच्या कपाटाची यादी, बाळंतपणाला जाताना पेटीत काय घ्यायचं त्याची यादी, आपलं कोणतं भांडं कोणाकडे गेलं आहे त्याची यादी. माझे यजमान शाळेत शिकवतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि मीही. मास्तर म्हणतात, ही स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी तिथल्या सामानाची यादी मागेल. मागेनही. व्यवस्था असली की जीव हलका राहतो, असं मला अजून वाटतं. पण एक गोष्ट माझ्या वहीमुळेच साडेतीन वर्षं अडून राहिली होती. वही बाजूला ठेवली तेव्हा ती सुटली. त्याला आता काही वर्षं झाली, तरी आठवलं की अंगावरचं ओझं नुकतंच उतरवून ठेवल्यासारखं वाटतं. म्हणून लिहिते आहे.

घाटंजीला मिशनच्या लहानशा दवाखान्यात मी नर्स आहे. दवाखान्यापेक्षा माझं काम बाहेरच जास्त, बाळंतपणांचं. आमचं घर दोन खोल्यांचं आणि जिनाच्या भिंतीला लागून. कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला इकडे जिन म्हणतात. दिवाळीनंतर जिन सुरू झाला की होळीपर्यंत आमच्या फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणत राहतात. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून गाड्या दारावरून जातात, कापसाच्या गाड्या उभ्या राहिल्या की गाडीवानांची भांडणं दारात होतात. या आवाजाबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. आम्ही सगळेच मोठ्याने बोलायला शिकलो होतो. माणसांशी मोठ्याने आणि देवाशीही मोठ्याने.

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते. आमच्या चर्चच्या मंडळीतली दहा-बारा माणसं येतात. तिची शिस्त मी लावून दिली होती. ज्याला देवाजवळ जे मागायचं असेल त्याने ते आठवड्यात मला सांगायचं. मी ते नंबर घालून वहीत उतरवायचं. शुक्रवारी मी एकेक नंबर वाचायचा, एकेकाने एकेक उचलायचा आणि मोठ्याने प्रार्थना करायची. मागितलेलं मिळालं की मी पुढे खूण करायची. त्याआधी काय होई, की एकाच म्हाताऱ्याच्या गुडघ्यासाठी सगळे प्रार्थना करत आणि बाकीचे आजारी तसेच राहून जात. माझ्या वहीत कोणी राहून जात नसे. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

फक्त पहिल्या नंबरापुढे कधी खूण झाली नव्हती. पहिला नंबर माझ्या भावाचा होता.

आम्ही दोघंच भावंडं. तो दोन वर्षांनी मोठा. आमचं घर बोरी अरबला, गावाबाहेरच्या वस्तीत. मी नऊ वर्षांची असताना वडील तापाने गेले. पुढच्या महिन्यात मिशनच्या बाई वस्तीत आल्या आणि मला यवतमाळच्या बोर्डिंगमध्ये घेऊन गेल्या. तिथे मी शिकले, तिथेच माझा बाप्तिस्मा झाला, तिथूनच पुढे नर्स झाले. भाऊ मायजवळ राहिला आणि गवंडी झाला. मी ख्रिस्ती झाले याचा त्याला राग होता, पण तो त्याने तोंडाने कधी काढला नाही. दर नाताळाला मात्र तो न चुकता यायचा. तुरीच्या हिरव्या शेंगांची एक पिशवी आणायचा, अंगणात बसून त्या मीठ घालून उकडायचा, आम्ही उपासनेहून येईपर्यंत निम्म्या संपवायचा. आणि मी दरवर्षी त्याला एक शुभवर्तमान, येशूच्या चरित्राचं छोटं पुस्तक, द्यायची. त्याच्या घरी त्यांची चळत झाली असेल. "दादाने येशूला ओळखावं," हा माझा पहिला नंबर. प्रार्थनेची वही सुरू केली त्या दिवसापासून तो तिथे होता.

छप्पन सालचा दसरा झाला, त्यानंतरचा शुक्रवार. दुपार कलली होती. मी प्रार्थनेची तयारी करत होते, सतरंजी झटकली, कंदिलाची काच पुसली, कप मोजले. तेवढ्यात भाऊ दारात उभा. नाताळाला अजून दोन महिने होते. अंगावर पांढरं धोतर, पांढरा सदरा, दोन्ही प्रवासाने मळलेले. चेहरा जागरणाचा, पण डोळे वेगळेच. तो घरून आला नव्हता. सरळ नागपूरहून आला होता.

मी लगेच ओळखलं. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यातून गावंच्या गावं नागपूरला गेली होती, बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला. तोही घेऊन आला होता.

"बाई," तो म्हणाला. मला तो लहानपणापासून बाई म्हणतो. "एक गोष्ट बोलाची होती."

मी म्हटलं, हातपाय धू, बस, आता माणसं येतील, प्रार्थना झाली की निवांत बोलू. तो बसला. माणसं आली. त्यांनी त्याचे कपडे पाहिले, एकमेकांकडे पाहिलं. मी वही उघडली.

पुढचं लिहायला मला अजून जड जातं. त्या दिवशी मी पहिला नंबर गाळू शकले असते. गाळला नाही. मी तो नेहमीसारखा वाचला आणि वर माझं एक वाक्य जोडलं, की माझ्या भावाने आता वेगळी वाट धरली आहे, तेव्हा आज सगळ्यांनीच या एका नंबरासाठी प्रार्थना करावी. सगळ्यांनी केली. एकामागून एक सात जणांनी, मोठ्याने, त्याच्या देखत, तो बहिरा असल्यासारखी. कोणी म्हणालं प्रभू याचे डोळे उघड, कोणी म्हणालं याला परत आण. परत कुठून आणायचं? तो आमच्यात कधी नव्हताच. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. माझे डोळे मिटलेले होते आणि मला रडू येत होतं. मला वाटत होतं की इतकं प्रेम मी त्याच्यावर कधीच केलं नाही.

डोळे उघडले तेव्हा तो हात जोडून तसाच बसला होता. मधेच उठून गेला नाही. चहा प्यायला, कप बाहेर नेऊन विसळला, आणून पालथा ठेवला आणि चपला घातल्या.

"चाललो बाई. मोटार निघून जाईन."

"अरे, काही बोलायचं होतं ना तुला?"

"राहू दे," तो म्हणाला. "ते तुह्या वहीत नसंल."

आणि गेला.

त्या नाताळाला तो आला नाही. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी पत्रं लिहिली. माझी पत्रंही तशीच, एक, दोन, तीन करून मुद्दे: प्रकृती कशी आहे, मोठ्या मुलाला शाळेत घातलं का, खोकल्यावर औषध पाठवते ते घे, देव तुला विसरलेला नाही. उत्तर आलं नाही. मास्तर एकदा म्हणाले, माफीचा मुद्दा कितवा आहे? मी म्हटलं, मी काय वाईट केलं, प्रार्थनाच तर केली. ते पेन्सिलीला टोक करत बसले. पहिला नंबर दर शुक्रवारी वाचला जात होता. मला एवढंच कळत होतं की माय गेल्यावर माहेरचं एकच माणूस मला उरलं होतं आणि ते माझ्या घरातून उठून गेलं होतं.

चौथा नाताळही शेंगांवाचून गेला. त्यानंतरच्या जानेवारीत आमच्याकडे एक म्हाताऱ्या बायबलबाई राहायला आल्या. मिशनमध्ये या कामाला असलेल्या बाया खेडोपाडी फिरतात, घराघरांत बायकांना शास्त्र वाचून दाखवतात. यांनी ते चाळीसेक वर्षं पायी केलं होतं. आता घशाला काही तरी होऊन आवाज बसला होता आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. हवापालट म्हणून त्यांना आमच्याकडे पाठवलं. हवापालट, तेही जिनाच्या भिंतीला! मी त्यांना मावशी म्हणत असे.

मावशी रोज दुपारी जेवण झालं की मागच्या दारात बसत. भिंतीपलीकडे जिन धडधडत असे, वर कापसाचे तंतू उडत असत आणि या पाय पसरून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. पुस्तक नाही, सुई-दोरा नाही, झोपही नाही. चार दिवस मी पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलं, मावशी, काय करता तुम्ही इथे?

"ऐकून राह्यले," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"काय ऐकता?"

"अजून तं काही नाही."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक, घसा सांभाळत. चाळीस वर्षं त्या देवाविषयी बोलल्या, देवाशीही बोलल्या, एका दमात तासतास. घसा गेला तेव्हा कळलं की त्याला बोलायला आपण जागाच ठेवली नव्हती. तर आता बसते. तो बोलो न बोलो, जागा तर मोकळी आहे. मग म्हणाल्या, बसून पाहा.

मी काम म्हणून घेतलं आणि ते नीट करायचं ठरवलं. रोज दुपारी दीड वाजता, पंधरा मिनिटं. घड्याळ समोर ठेवलं, चटई टाकली, वही शेजारी ठेवली, म्हणजे मधे काही आठवलं तर टिपता येईल. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत सतरा गोष्टी आठवल्या. डांबरगोळ्या आणायच्या राहिल्या, खिडकीची बिजागरी, एकीच्या बाळाला टोचायचं आहे. दुसऱ्या दिवशी मावशींनी वही उचलली, आत नेली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवली. घड्याळही नेलं. म्हणाल्या, जिनाचा भोंगा होते ना दोनाले, तेवढं पुरे.

वहीवाचून बसणं मला वहीसकट बसण्यापेक्षा कठीण गेलं. शुक्रवारच्या प्रार्थनेपुरती ती बाहेर निघे, एरवी हात सारखा बाजूला चाचपडे. मग मी जिनाला दोष दिला. इतक्या आवाजात कोण ऐकणार? मावशींनी मला विचारलं, तू बाळंतिणीच्या घरी जातेस, तिथं शांतता असते का?

कुठली शांतता! घरात पंधरा बाया, त्यातल्या दहा सल्ला देणाऱ्या, दारात पोट्टे, गोठ्यात म्हैस. आणि तिथे मला पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे असतात. त्यासाठी माझ्याकडे एक लाकडी नळी आहे, वीतभर, एक तोंड रुंद. ते पोटावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. नळी हाताने धरायची नसते. हात लागला की हाताचीच खरखर ऐकू येते. नळी फक्त कानाने दाबून ठेवायची आणि आपला श्वास थोडा थांबवायचा. लोकांना गप्प करता आलं तर बरं, नाही तरी चालतं. बाहेरच्या गोंगाटाने तितकं अडत नाही. नवी नर्स फसते ती दुसरीकडे. तिला धप-धप ऐकू येतं, ती खूश होते, आणि ते असतात आईच्या नाडीचे ठोके. कधी कधी तर तिच्या स्वतःच्याच कानातले. तेव्हा आधी तो जवळचा, मोठा ठोका ओळखायचा, हा माझा, म्हणून बाजूला ठेवायचा आणि थांबायचं. मग त्याच्या मागे, लांबून, घड्याळ उशीखाली ठेवावं तसा बारीक, भरभर चाललेला दुसरा ठोका येतो. येतोच असं नाही. पण आपण थांबल्याशिवाय नक्की येत नाही.

हे सगळं मी मावशींना समजावून सांगितलं, चांगलं सविस्तर, आणि सांगता सांगता माझं मलाच कळलं.

त्यानंतर मी बसले ती नळीच्या पद्धतीने. जिनाची धडधड ऐकायची आणि सोडून द्यायची. आठवलेली कामं ऐकायची आणि सोडून द्यायची. मग माझ्याच छातीतली धडधड: दादा असा का वागला, मी त्याच्यासाठी इतकं केलं, लोक काय म्हणतात. ती फार मोठ्याने चालली होती. इतकी वर्षं मी तिलाच देवाचा आवाज समजत होते, असं लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. ती सोडायला तीन आठवडे लागले.

एका दुपारी, बाजाराचा दिवस होता, पलीकडे गाडीवानांची जुंपली होती, तेव्हा मला ते ऐकू आलं. आकाशवाणी वगैरे झाली नाही. भावाचं एक वाक्य आठवलं, बस. "बाई, एक गोष्ट बोलाची होती."

मी ताठ बसले. साडेतीन वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नव्हता की ती गोष्ट काय होती. त्याने दीक्षा घेतली हे सांगायला तो आला असेल असं मी धरून चालले होते. पण ते तर त्याचे कपडेच सांगत होते. नागपूरहून बोरी अरबला जाणारा माणूस घाटंजीला एवढी वाकडी वाट करून, जागरणाच्या डोळ्यांनी, काय बोलायला आला होता? मी त्याच्यासाठी कित्येक वर्षं प्रार्थना केली होती आणि त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

मावशींना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, मंग इथं काहून बसली?

मी तीन दिवसांची रजा टाकली. पिठाच्या डब्याखालून वही काढली आणि पहिल्या नंबराचा मजकूर खोडला. पुढे फक्त "दादा" एवढंच ठेवलं. त्याच्यासाठी काय मागायचं ते देवाने ठरवावं. वही परत डब्याखाली सरकवली. मी पेटी भरत होते तेव्हा मास्तर विचारत होते, जाऊन काय बोलणार? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, मग मीही येतो, हे पाहायला मिळायचं नाही पुन्हा.

मी एकटीच गेले. घाटंजीहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्ह्याकडची मोटार. परतीच्या मोटारीची वेळ उतरतानाच विचारून ठेवली, संध्याकाळी सहाची, फाट्यावरून, कोणी राहा म्हटलं नाही तर म्हणून. ती सवय काही जात नाही.

वस्तीत लग्न होतं कोणाचं तरी. दोन घरं सोडून ढोल-ताशे वाजत होते, ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवणाऱ्यांनाच जास्त उत्साह. वहिनी दारात ज्वारी पाखडत होती. तिने मला पाहिलं, सूप खाली ठेवलं नाही.

"या नर्सबाई. वही आणली का?"

"घरीच ठेवली वहिनी."

तिने माझ्या पेटीकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाली, ते तिकडं हायेत, भिंतीवर.

वस्तीतले लोक स्वतःच्या हातांनी लहानसं विहार बांधत होते. दिवसा ज्याला जमेल तो मजुरी सोडून यायचा आणि गवंडीकाम माझा भाऊ करायचा. भिंत कमरेच्या वर आली होती. तो फळीवर उभा राहून विटा लावत होता. केस पिकले होते. मी खाली विटांच्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिले. त्याने वळून पाहिलं आणि परत विटेकडे वळला.

"काहून आली? कोणी मेलं का?"

"नाही."

"मंग?"

"दादा, त्या दिवशी मी चुकली," मी म्हटलं. त्याच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप घरची होते. "तू काही बोलणार होता. ते ऐकाले आली."

त्याने विटेवर चुन्याचा थर ओढला, दुसरी वीट ठेवली, थापीच्या मुठीने ठोकली.

"आता आठोत नाही," तो म्हणाला.

खोटं होतं ते. दोघांनाही माहीत होतं. माझ्या तोंडाशी किती तरी गोष्टी आल्या. मी पत्रं पाठवली होती त्यांचं काय, तुझा खोकला कसा आहे, मी आपली वेडी बहीण, मन मोठं कर. एकेक नंबर ओठांवर येऊन उभा होता. मी श्वास थोडा थांबवला, नळीला कान लावल्यावर थांबवते तसा. पदर खोचला, विटा पाण्याच्या टाक्यात बुडवून त्याला एकेक द्यायला लागले. कोरडी वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तो घेत गेला. ढोल वाजत होते, पोट्टे ओरडत होते, मधून मधून कोणी येऊन विचारत होतं, ही कोण? तो सांगायचा, बहीण हाये माही. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याचा आवाज पहिल्यापेक्षा बरा लागला.

दुपारी वहिनीने भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. जेवताना तिने माझ्या ताटाकडे पाहून विचारलं, प्रार्थना नाही केली? मी म्हटलं, केली, मनात. ती म्हणाली, मनात बी करता येते का तुमच्यात? भाऊ घास घेता घेता हसला.

आम्ही परत भिंतीवर. चार वाजले, मग पाच. हातांची बोटं पाण्याने सुरकुतली. सहाच्या मोटारीसाठी दहा मिनिटं आधी निघायला हवं होतं, आणि तो काही बोलेल असं आता मला वाटत नव्हतं. एक आश्चर्य मात्र वाटत होतं. इतकं निष्फळ थांबूनही माझ्या छातीत धडधड नव्हती. त्याच्या शेजारी नुसतं असणं मला पुरत होतं.

ऊन उतरलं तसा तो फळीवरून खाली आला. टाक्यात हात धुतले, ओल्या हाताने तोंड पुसलं आणि माझ्यासमोर एका उलट्या घमेल्यावर बसला. माझ्याकडे न पाहता बोलायला लागला.

"तिथं नागपुरात एवढा लोक होता बाई. जिकडं पाहा तिकडं पांढरंच पांढरं. सगळ्यांच्या संगं मी बी म्हणून राह्यलो होतो. अन् जुने देव आता मानत नाही, असं तोंडानं म्हटलं, तं माहे पाय लटलट कापाले लागले. आनंद होता. पण भेव बी होतं. चाळिशीचा माणूस मी. आजूबाजूले सारे आपलेच. तरी कापलो."

तो थांबला. मी हातातली वीट ठेवून खाली बसले.

"तवा मले तू आठोली. तू लहानशी पोट्टी. तुह्या डोक्यावर पाणी घातलं, तवा आपलं कोणीच नोतं तिथं. अन् मी जनमभर तुह्यावर राग धरून होतो, का ही आपल्याले सोडून गेली. म्हटलं, आधी बाईकडं जातो, मंग घरी. तुले एकच गोष्ट विचाराची होती." आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुले भेव वाटलं होतं का?"

ढोल वाजतच होते. मला ते ऐकू येईनासे झाले.

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. बोर्डिंगच्या बाईंनी नाही, चर्चच्या पाळकांनी नाही, मास्तरांनी नाही. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आणि हा, ज्याला मी सात माणसांच्या प्रार्थनेत बसवून ठेवलं, तो पांढऱ्या कपड्यांनिशी एवढी वाट वाकडी करून मला हे विचारायला आला होता.

"हो," मी म्हटलं.

मग मी बोलले. ऐकायला म्हणून गेलेली मी बोलत राहिले आणि तो घमेल्यावर बसून ऐकत राहिला. पाणी थंड होतं, हे सांगितलं. मी फाटकाकडे पाहत होते, तू येशील म्हणून, हे सांगितलं. बोर्डिंगमध्ये पहिल्या दिवसांत मी मनातल्या मनात आपल्या घरातल्या वस्तूंची यादी म्हणत असे, विसरायला होऊ नये म्हणून: जातं, चूल, बाबांची काठी, मायचं लाल लुगडं, खुंटीवरचा कंदील, दादा. रोज तीच, त्याच क्रमाने. येशू मला पुढे खरोखर भेटला, माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं जवळचं कोणी नाही, हेही त्याला सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्याला त्या वाटेवर ओढायचं म्हणून सांगितलं नाही. जसं होतं तसं सांगितलं. त्याने मधे एकदाही मान वळवली नाही. फक्त लाल लुगड्याजवळ म्हणाला, "हाव, ते होतं. उंदरानं खाल्लं मागून."

वहिनी चहा घेऊन आली, आम्हाला पाहिलं, आणि कप ठेवून माझ्या शेजारी टेकली.

फाट्यावर सहाची मोटार थांबली. भोंगा वाजवला. कोणी तरी लांबून ओरडून विचारलं, घाटंजीवाल्या बाई जायच्या आहेत का? वहिनीनेच ओरडून सांगितलं, नाही, राहतात. आजवर माझी मोटार कधी चुकली नव्हती. ती गिअर बदलत चढणीला लागली, ते मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग भावाकडे वळून पुढचं सांगायला लागले.